आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

गायकाला तानपुरा पुरतो, तबलजीला डग्गा-तबला. सतारिया पहाटे दार लावून रियाजाला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही. सिम्फनी वाद्यवृंदाच्या संचालकाचं तसं नाही. त्याचं वाद्य म्हणजे ऐंशी-नव्वद माणसं. शिकलेली, वेळेवर येणारी आणि महिन्याच्या महिन्याला पगार मागणारी. हे वाद्य विकत घेऊन घरी ठेवता येत नाही, वडिलोपार्जित मिळत नाही आणि आरशासमोर हात हलवून वश होत नाही. म्हणून एखाद्या प्रांतात संचालनाची कला कुठवर आली आहे हे पाहायचं, तर तिथे संचालक किती हे मोजण्यात अर्थ नसतो. त्यांच्या हाती सोपवायला वाद्यवृंद किती, हे पाहावं लागतं.

या कसोटीवर महाराष्ट्राचा हिशेब चमत्कारिक निघतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर ज्यांचं नाव झालं अशा मोजक्या संचालकांपैकी एक, झुबिन मेहता, २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत जन्मले आणि अठराव्या वर्षापर्यंत तिथेच वाढले. मेहता आता नव्वदीत आहेत आणि त्यांच्या तोडीचं दुसरं नाव इथून निघालेलं नाही. दुसरीकडे मुंबईहून दोन-तीन तासांच्या अंतरावर पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा आहे. जर्मनीच्या मोटारी इथे बनतात, इटलीची यंत्रं चालतात, महापालिकेची एकापेक्षा एक मोठी नाट्यगृहं आहेत, आणि कायमस्वरूपी सिम्फनी वाद्यवृंद एकही नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी संचालक नेमकं करतो काय, ते पाहू. त्याच्यापुढे जी संहिता असते, तिला स्कोअर म्हणतात. एका पानावर वीस-पंचवीस ओळी, एकीखाली एक. वर बासऱ्या, मग इतर फुंकवाद्यं, पितळी वाद्यं, ताशे-नगारे आणि सर्वांत खाली तंतुवाद्यं. त्यातही गोम अशी की हॉर्न किंवा क्लॅरिनेटच्या ओळीत जो सूर लिहिलेला असतो, तो प्रत्यक्षात वेगळाच वाजतो. हॉर्नचा सूर कागदावरून एका पंचमाइतका खाली उतरतो. संचालकाला हे सगळं एका नजरेत वाचून मनातल्या मनात ऐकावं लागतं. उजवा हात लय दाखवतो, डावा हात कुणी आत यायचं, कुणी दबून वाजवायचं ते सांगतो. आणि खरी करामत ठोक्यात नसतेच, ती ठोक्याच्या आधीच्या उठावात असते. हात वर जाताना किती वेगाने, किती जड किंवा हलका गेला, यावर पुढचा सूर कसा निघणार हे ठरतं. सूर निघाल्यावर हात हलवून काही साधत नाही, तोवर बाण सुटलेला असतो.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका आहे असं समजायचं कारण नाही. या पट्ट्याच्या दोन टोकांना देहू आणि आळंदी आहेत. आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीची समाजआरती ज्याने पाहिली आहे, त्याला एका काठीने हजारो माणसं कशी गप्प होतात ते वेगळं सांगायला नको. दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार हातातला चोप उंचावतो आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिकडे जाऊन विचारपूस करतो. युरोपातही संचालकाची काठी सुरुवातीला अशीच जाडजूड आणि जमिनीवर आपटायची होती. फ्रेंच दरबाराचा संगीतकार लुली याने ती चुकून स्वतःच्याच पायावर मारली. जखम चिघळली आणि १६८७ मध्ये त्यातच तो गेला.

ढोल-ताशा पथकाची तालीम पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथकाची रांग तीस-पस्तीस मीटर लांब असेल, तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. द्रुत लयीत एवढा उशीर सगळा ठेका विस्कटायला पुरतो. म्हणून मागचा जाणता ढोलवाला कानाने वाजवत नाही, डोळ्याने वाजवतो. पुढच्याची टिपरी आणि प्रमुखाची बोटं पाहून तो हात टाकतो. ऑपेराच्या संचालकापुढे हीच अडचण वाढून येते. वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेले, गायक वर पंधरा-वीस पावलांवर हालचाल करत गाणारे, समूहगायक कधी विंगेच्या आड. सगळ्यांना दिसणारी एकच गोष्ट असते, संचालकाची काठी.

फरक आहे तो दुसरीकडे. आपल्याकडे मेळ्याचा म्होरक्या स्वतः वाजवतो किंवा गातो. मैफलीत गायकच समेवर नजर टाकून तबलजीला काय हवं ते सांगतो. संगीत नाटकात बालगंधर्व गाताना ऑर्गन आणि तबला त्यांच्या मागे जात. स्वतः एकही सूर न काढता दुसऱ्यांकडून काढून घेणारा माणूस आणि सगळ्यांपुढे लिहून ठेवलेलं संगीत, या दोन गोष्टी आपल्या परंपरेत नव्हत्या. त्या मुंबईत आल्या, रुजल्या आणि काही काळ बहरल्या. झुबिन मेहता हे त्या बहराचं फळ.

त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मेहलींनी व्हायोलिन मुख्यतः स्वतःच्या चिकाटीवर कमावलं होतं. त्यांच्या वाद्यवृंदात पारशी हौशी वादक होते, हॉटेलांतून वाजवणारे गोवेकर होते, नौदलाच्या बँडमधले वादक होते आणि हिटलरच्या युरोपातून निसटलेले ज्यू कलावंत होते. त्या निर्वासितांमध्ये वॉल्टर कॉफमन हे ठळक नाव. ते १९३४ मध्ये मुंबईत आले, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले आणि पहाटे केंद्र सुरू होताना वाजणारी, आपल्या आजोबा-आजींनी आयुष्यभर ऐकलेली धून त्यांनीच रचली. पुढे ते कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले. म्हणजे मुंबईच्या त्या छोट्या वर्तुळातून परदेशी व्यासपीठावर गेलेले झुबिन हे काही पहिले नव्हेत.

ज्या घरात वाद्यवृंदाच्या विभागांच्या तालमी दिवाणखान्यात होतात, त्या घरातलं पोर सिम्फनी ऐकत लहानाचं मोठं होतं. सोळाव्या वर्षी झुबिन वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम घेऊ लागले होते. घरच्यांच्या इच्छेखातर त्यांनी सेंट झेवियर्समध्ये वैद्यकीय शिक्षणाची तयारी सुरू केली, पण मन रमलं नाही. १९५४ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. तिथे गुरू भेटले हान्स स्वारोव्स्की. शोनबर्ग आणि वेबर्नकडे शिकलेला, फाफटपसारा न खपणारा कडक मास्तर. हातवारे कमी, संहितेचा अभ्यास जास्त, ही त्यांची शिस्त. क्लॉडिओ अब्बाडो हा वर्गमित्र. दोघे एका मोठ्या गायनवृंदात भरती झाले ते गाण्याच्या हौसेपेक्षा, कारायान आणि ब्योम यांच्यासारखे संचालक तालीम कशी घेतात ते समोरून पाहायला मिळावं म्हणून. १९५६ मध्ये हंगेरीतला उठाव चिरडला गेला, निर्वासित ऑस्ट्रियात आले. मेहतांनी विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवून त्यांच्या छावणीत कार्यक्रम केला. १९५८ मध्ये लिव्हरपूलची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि वर्षभराचं सहायकपद पदरात पडलं.

तिथून पुढची चढण थक्क करणारी आहे. पंचविशीच्या आत व्हिएन्ना, बर्लिन आणि इस्रायल या तिन्ही फिल्हार्मोनिक वाद्यवृंदांपुढे ते उभे राहिले. मॉन्ट्रियलची सूत्रं हाती आली. १९६२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिल्हार्मोनिकचं संगीत दिग्दर्शकपद मिळालं. त्या नेमणुकीला एक कटू किनार आहे. प्रमुख म्हणून ठरलेले जॉर्ज शॉल्टी यांना न विचारता व्यवस्थापनाने मेहतांना सहायक म्हणून घेतलं. शॉल्टींनी राजीनामा दिला आणि जागा मेहतांकडे आली. एकाच वेळी उत्तर अमेरिकेतले दोन मोठे वाद्यवृंद सांभाळणारा हा तरुण १९७८ पर्यंत लॉस एंजेलिसला राहिला, मग १९९१ पर्यंत न्यूयॉर्क फिल्हार्मोनिकला. इस्रायल फिल्हार्मोनिकशी १९६१ मध्ये जुळलेलं नातं १९८१ मध्ये तहहयात पदापर्यंत पोहोचलं आणि २०१९ मध्ये त्यांनी स्वतःहून निरोप घेतला.

ऑपेरातली वाटचाल याला समांतर चालली. १९६३ मध्ये मॉन्ट्रियलला 'तोस्का'ने आरंभ, १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये 'आयडा'. १९८५ पासून तीन दशकं फ्लॉरेन्सच्या माज्जिओ म्युझिकालेचं प्रमुखपद, १९९८ ते २००६ म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑपेराचं. वाग्नरची 'रिंग' ही चार संध्याकाळींची प्रचंड मालिका त्यांनी शिकागोतही उभी केली आणि व्हॅलेन्सियातही.

त्यांचं बळ कशात आहे, हे ऐकायचं तर १९७२ ची 'तुरान्दोत'ची ध्वनिमुद्रिका काढावी. सदरलँड, पाव्हारोत्ती आणि कबाये हे तीन तगडे आवाज, साथीला लंडन फिल्हार्मोनिक. पुच्चिनीचा वाद्यवृंद जबरदस्त आहे. बेताल सुटला तर गायकाला गिळून टाकील. मेहता त्याला पूर्ण मोकळा सोडतात आणि गायकाचा श्वास जिथे लांबतो, तिथे नेमका आवरून धरतात. पाव्हारोत्ती एखाद्या उंच सुरावर रेंगाळतो, तेव्हा खालची तंतुवाद्यं थांबत नाहीत, फक्त रुंद होतात, आणि तो खाली उतरला की लय न हिसकता पुन्हा हाती येते. नाट्यसंगीतातला पट्टीचा तबलजी नटाच्या तानेबरोबर हेच करतो. फरक इतकाच की इथे ते एकाच्या नव्हे, शंभर जणांच्या हातून करून घ्यायचं असतं. गायकांना हा संचालक हवाहवासा का वाटला, याचं उत्तर त्या एका मुद्रणात आहे. १९९० मध्ये रोममध्ये तीन टेनर (उंच पट्टीचे पुरुष गायक) एकाच मंचावर आले, तेव्हा काठी मेहतांच्याच हाती होती, ते उगाच नव्हे. १९९८ मध्ये बीजिंगच्या निषिद्ध नगरीत 'तुरान्दोत' उघड्यावर झाला, तोही त्यांच्याच संचालनाखाली.

पण समीक्षेत नुसती आरती ओवाळून भागत नाही. न्यूयॉर्कच्या तेरा वर्षांत तिथल्या समीक्षकांनी त्यांना सुखाने बसू दिलं नाही. झगमगाट आहे, खोली कमी आहे, असा तो सूर होता. मला तो अर्धाच पटतो. ब्रुकनर, मालर आणि रिखार्ड श्ट्राउस यांच्या भव्य रचनांमध्ये मेहतांची इमारत पायापासून कळसापर्यंत पक्की असते. तिथे त्यांना उथळ म्हणणं अन्यायाचं आहे. शोनबर्ग आणि वेबर्न त्यांनी निष्ठेने वाजवले, तेही टाळ्यांची खात्री नसताना. मात्र हायडन-मोझार्टच्या बारीक विणीत त्यांचा हात जड वाटतो. गेल्या पन्नास वर्षांत युरोपात जुन्या वाद्यांवर, जुन्या रीतीने वाजवण्याची जी मोठी चळवळ झाली, तिचं वारं त्यांना फारसं लागलं नाही. आणि तीन टेनरांच्या जत्रेने ऑपेराचा श्रोता वाढवला की फक्त चार-दोन उंच सुरांवर टाळ्या मारणारा जमाव तयार केला, हा प्रश्न अजून खुला आहे.

राजकारणाचा डागही कलेपासून निराळा काढता येत नाही. १९६७ आणि १९९१ च्या युद्धांत ते इस्रायलला धावून गेले, याचं तिथे कौतुक झालं, इतरत्र प्रश्न विचारले गेले. त्याच इस्रायलमध्ये, तेल अविवला, १९८१ मध्ये त्यांनी हिटलरचा आवडता वाग्नर वाजवला, तेव्हा सभागृहातच गदारोळ झाला. १९८४ मध्ये न्यूयॉर्क फिल्हार्मोनिकच्या आशिया दौऱ्यात मलेशियाने ज्यू विषयावरची ब्लॉखची रचना वगळायला सांगितली, आणि तो कार्यक्रमच रद्द झाला. १९९४ मध्ये सारायेवोच्या जळालेल्या ग्रंथालयात मोझार्टचं 'रेक्विएम', २०१३ मध्ये श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियन वाद्यवृंद. श्रीनगरला विरोधही झाला आणि समांतर कार्यक्रमही. एवढ्या पदांच्या आणि दौऱ्यांच्या धबडग्यात त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलं नाही आणि क्रिकेटचं वेडही. पद्मभूषण १९६६ चं, पद्मविभूषण २००१ चं.

मुंबईला ते अनेकदा वाद्यवृंद घेऊन आले. पण नीट पाहिलं तर एक गोष्ट टोचते. आले ते न्यूयॉर्कचा, इस्रायलचा, म्युनिकचा वाद्यवृंद घेऊन. मुंबईत स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियापुढे ते पहिल्यांदा उभे राहिले ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. त्याआधी इतकी वर्षं त्यांना मुंबईत हाती धरण्याजोगं वाद्यच नव्हतं, किंवा होतं तेव्हा ते कच्चं होतं.

मधल्या काळात काय झालं? मेहली मेहता १९४५ मध्ये पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, मग परतले, काही वर्षांनी मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात, शेवटी लॉस एंजेलिसला. तिथे १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकन युथ सिम्फनी स्थापन केली आणि नव्वदीला टेकेपर्यंत ती घडवली. मुंबईसाठी जे करायचं राहिलं, ते त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पोरांसाठी केलं. स्वातंत्र्यानंतर युरोपीय पांगले, आश्रयदाते आटले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकून आलेले वादक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. मला वाटतं, महाराष्ट्रातल्या संचालनकलेचं दुसरं, न गाजलेलं पर्व तिथे घडलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागची व्हायोलिनांची फौज सेबॅस्टियन डिसोझा लिहीत आणि हाकत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यासोबत गायला लावलं. राग आणि सिम्फनी एकाच कागदावर मांडायचा तो धाडसी प्रयत्न होता. प्रयत्न तगला नाही, १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला निघून गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूचं नाव एका गाजलेल्या गाण्यात गुंफलं. गाणं सगळ्यांना पाठ आहे, माणूस फार थोड्यांना. पुढे सिंथेसायझर आले आणि स्टुडिओतले शंभर वादकांचे ताफे मोडले. त्यांना हाताळणारे हातही त्यांच्याबरोबर गेले.

आजचं चित्र यापेक्षा बरं आहे, पण लंगडं आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. देशातला हा एकमेव पूर्णवेळ व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद. २०१९ मध्ये त्याने ब्रिटनचा दौरा केला, सोबत झाकीर हुसेन यांचा तबला आणि त्यांचीच रचना. वाजवण्याचा दर्जा खरोखर चांगला आहे. पण मुंबईत मुक्काम असलेले वादक मोजके, बाकीचे हंगामापुरते परदेशातून येतात. म्हणजे आडात पाणी आहे, पण बरंचसं टँकरने आणलेलं. हे चालकांना कळत नाही असं नव्हे. म्हणूनच त्यांनी लहान मुलांसाठी संगीत अकादमी काढली. तिची फळं दिसायला पंधरा-वीस वर्षं जावी लागतात आणि ती वाट पाहण्याला पर्याय नाही.

पर्याय नाही याचा दाखला व्हेनेझुएलात आहे. तिथे १९७५ मध्ये होझे आंतोनियो आब्रेऊ यांनी वस्त्यांवस्त्यांतल्या पोरांचे वाद्यवृंद बांधायला घेतले. त्या पोरांतून गुस्ताव्हो दुदामेल निघाला आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या त्याच पदावर बसला, जिथे कधीकाळी मेहता होते. दुसरा दाखला तर आपल्या पंढरपूरचाच आहे. मारिया बाडस्ट्यू यांचा जन्म पंढरपूरचा. तान्ह्या असताना त्यांना डॅनिश कुटुंबाने दत्तक घेतलं आणि आज त्या डेन्मार्कमधल्या नामवंत संचालक आहेत. गुण कुठल्याही मातीत जन्मतो. त्याच्यापुढे वाद्यवृंद ठेवणारा समाज मात्र बांधावा लागतो. डेन्मार्कने तो बांधला होता.

आता पुन्हा पिंपरी-चिंचवडकडे. इथे उद्योग झपाट्याने आले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग टाटांची टेल्को, आकुर्डीला बजाज. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ. यातल्या टाटांनीच मुंबईला एनसीपीए दिलं. जर्मन कंपन्यांच्या मायदेशी कारखाना आणि संगीत यांचं नातं जुनं आहे. लेव्हरकुसेनला बायर कंपनीच्या कामगारांनी १९०१ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद काढला, तो आजही वाजतो. इटलीत तुरीनला फियाटचा लिंगोत्तो कारखाना बंद पडला, तर वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी त्यात संगीतगृह बांधलं. १९९४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं ते बर्लिन फिल्हार्मोनिकने, अब्बाडोंच्या, म्हणजे मेहतांच्या त्या जुन्या वर्गमित्राच्या, संचालनाखाली.

आपल्या कामगारांना कलेची हौस नाही असं कोण म्हणेल? कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धांनी या पट्ट्यात पिढ्या घडवल्या. पाळी संपवून तालमीला जाणारी माणसं इथे घरोघर होती. हौस आहे, शिस्त आहे, यंत्रावर काम करणाऱ्याला लागणारी वेळेची बारीक जाण आहे. नाहीत त्या दोन गोष्टी: लहानपणी व्हायोलिन, चेलो, बासून किंवा हॉर्न हातात देऊन स्वरलेखन शिकवणारी नियमित शाळा, आणि शिकल्यावर वाजवायची जागा.

जागेबद्दल बोलायचं तर चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरातलं अत्रे रंगमंदिर, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह ही नाटकासाठी बांधलेली आहेत आणि नाटकासाठी ती योग्यच आहेत. नाटकात शब्द स्पष्ट हवा, म्हणून आवाज सभागृहात सेकंदभरात विरायला हवा. सिम्फनीला तो जवळपास दोन सेकंद घुमावा लागतो. नाहीतर चाळीस व्हायोलिनं चाळीस सुट्या व्हायोलिनांसारखी ऐकू येतात. त्यात गालिचे, पडदे आणि माईकवर विसंबायची सवय. पाहुणा वाद्यवृंद इथे आणला, तर जे ऐकू येईल ते त्या वाद्यवृंदाचं खरं रूप नसेल. मग लोक म्हणतील, यात काय एवढं, आणि त्यांचं चुकणार नाही.

एक आक्षेप हमखास घेतला जातो: हे परक्यांचं संगीत, आपल्याला कशाला? संगीत नाटकवाल्यांनी हा विचार केला असता, तर १८८० च्या 'शाकुंतल'नंतर आपल्या रंगभूमीवर ऑर्गन आलाच नसता, आणि पेटी तर आपण युरोपातून घेऊन भजनात बसवली. आक्षेपात तथ्य आहे ते एवढंच, की जो वाद्यवृंद फक्त बेटहोफेन आणि मोझार्ट वाजवतो, तो शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. त्याच्यासाठी इथल्या माणसांनी लिहायला हवं. वनराज भाटियांनी 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहिला, झाकीर हुसेन यांनी तबल्यासाठी रचना दिली, रविशंकर यांनी सतार आणि वाद्यवृंदासाठी आपली दुसरी रचना लिहिली, ती १९८१ मध्ये मेहतांनीच न्यूयॉर्कला सादर केली. मराठी पदावर, अभंगावर, पोवाड्यावर शंभर वाद्यांचा विचार करणारा रचनाकार अजून यायचा आहे. तो आला, तर त्याच्या संहितेला संचालक लागेल, आणि मग ही कला आपल्याला परकी वाटणार नाही.

पैशाचं कारण मला पटत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातला किमान दोन टक्के वाटा सामाजिक कामांवर खर्च करणं बंधनकारक केलं आणि त्या कामांच्या यादीत कला आणि संस्कृती आहे. चाकणच्या चार कंपन्यांनी मिळून पिंपरीत मुलांचा एक तंतुवाद्यवृंद दहा वर्षं चालवायचा म्हटला, तर त्यांच्या ताळेबंदाला ते जाणवणारही नाही. अडचण आहे ती क्रमाची. आपण आधी प्रेक्षागृह बांधतो, मग महोत्सव ठरवतो, मग एखादा मोठा पाहुणा बोलावतो आणि शेवटी शिकवणारा शोधतो. वाद्यवृंदाचा क्रम याच्या नेमका उलटा आहे: आधी शिक्षक, मग दहा-बारा वर्षं मुलं, मग हौशी मेळ, मग त्याला साजेसं सभागृह. संचालक या रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो.

मेहली मेहतांनी १९३५ मध्ये जमेल तशी माणसं जमवली. त्यांतले बरेचसे हॉटेलात आणि बँडमध्ये वाजवून पोट भरत होते. त्या ओबडधोबड वाद्यवृंदाने एकोणीस वर्षांत जगाला एक संचालक दिला. त्या मुंबईपेक्षा आजचं पिंपरी-चिंचवड किती तरी श्रीमंत आहे. म्हणून दुसरा झुबिन मेहता केव्हा होणार, हा प्रश्न मला बिनकामाचा वाटतो. महापालिकेला आणि कंपन्यांना विचारायचा प्रश्न साधा आहे: येत्या जूनमध्ये निगडी-भोसरीतल्या शंभर मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो द्यायचं ठरवलं, तर शिक्षकांचा पगार कोण देणार?